चिंचवड संस्थान : देवाचा कारभार आणि राजसत्ता

चिंचवड येथे पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे. तिच्यावरील देवालयाच्या बांधकामास शके १५८० म्हणजे इ. स. १६५८ मध्ये आरंभ झाल्याचे तेथील शिलालेखावरून कळते. या समाधीभोवती उभे राहिलेले संस्थान हे मोगल, मराठे व इंग्रज अशा तीन राजवटींखाली आपला कारभार आपणच पाहणाऱ्या धर्मसंस्थेचे ठळक उदाहरण होय. मोरया गोसावींच्या वंशातील गादीवरील पुरुष गणपतीचा अवतार मानला जाई व त्यास ‘देव’ असेच संबोधीत; पुढे तेच घराण्याचे आडनाव झाले. दानपत्रातील ‘देव’ म्हणजे मूर्ती की गादीवरील पुरुष, हा प्रश्न अवतारावर श्रद्धा असेतोवर निकडीचा नव्हता. संस्थानच्या स्वायत्ततेचे बळ या संदिग्धतेत होते आणि तिच्या अस्ताचे बीजही तेथेच होते.

या स्वायत्ततेचा पाया इनाम गावे हा होता. जो वसूल एरवी सरकारात जावयाचा तो संस्थानकडे येई. त्यातून पूजाअर्चा, अन्नदान आणि मोरगावची यात्रा यांचा खर्च चाले. गादी पित्याकडून पुत्राकडे जाई. औरंगजेबाने परीक्षा पाहण्यासाठी नारायण देवांपुढे गोमांसाचे ताट ठेविले, त्याची फुले झाली, आणि संतुष्ट होऊन बादशहाने आठ गावे इनाम दिली, अशी आख्यायिका आहे. इतिहास म्हणून तिची किंमत अल्प आहे; पण परधर्मी सत्तेची सनद भक्तांना स्वीकारार्ह वाटावी म्हणून बादशहालाच देवापुढे नमविणारी ही कथा रचली गेली असावी, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

स्वकीय राजानेही संस्थानचे सर्व हक्क जसेच्या तसे चालू दिले नाहीत. कोकणातील काही भागांत बाजारभावाहून कमी दराने धान्यादी जिन्नस घेण्याचा हक्क चिंचवडच्या देवांस होता. त्याचा भार रयतेवर पडतो हे पाहून शिवाजी महाराजांनी तो बंद केला व लागणारे जिन्नस सरकारी कोठारातून देण्याची व्यवस्था केली. देवाचे उत्पन्न बुडाले नाही. मात्र रयतेकडून परस्पर वसूल करण्याचा अधिकार गेला. देणगी वाढवावी आणि अधिकार आटोपता घ्यावा, ही राजनीती येथे स्पष्ट दिसते.

ऑटोमन साम्राज्यातील आर्मेनियन समाजाशी तुलना केल्यास चिंचवडचे वेगळेपण उठून दिसते. तेथे धर्मगुरू हा सबंध समाजाचा राजमान्य प्रमुख असे, आणि १८६३ च्या नियमावलीने १४० सभासदांची प्रातिनिधिक सभा निर्माण करून त्याच्या सत्तेस मर्यादा घातली. चिंचवडला भक्तांची अशी सभा नव्हती. राजसत्तेचा व्यवहार होता तो एका घराण्याशी. वंश खुंटल्यावर अधिकार कोणाकडे जावा, याचे उत्तर भक्तसमाजापाशी नव्हते.

तो प्रसंग लवकरच आला. एडवर्ड मूर या इंग्रज अधिकाऱ्याने १८०१ मध्ये ‘वंशपरंपरागत जिवंत देवता’ म्हणून चिंचवडचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम हिने पाहिलेला देव हा एक मुलगाच होता. इ. स. १८१० च्या सुमारास शेवटचा देव निपुत्रिक वारला आणि सात पिढ्यांची अवतारपरंपरा संपली. घराण्यातील दूरच्या नातलगाला गादीवर बसविण्यात आले. उत्पन्न चालू राहावे हा त्यामागील हेतू होता, असे इंग्रजी गॅझेटियर सांगते. तो आरोप कठोर असला तरी अगदीच निराधार म्हणवत नाही.

पेशवाई १८१८ मध्ये गेली. नव्या सत्तेला अवताराशी कर्तव्य नव्हते. इनाम कोणाचे, एवढेच तिला ठरवावयाचे होते. १८५२ च्या अकराव्या कायद्याने देवस्थानास कायमचे दिलेले इनाम व व्यक्तीस दिलेले इनाम यांना निरनिराळे नियम लाविले. देवस्थानचे इनाम निरंतर चालावयाचे; व्यक्तीच्या इनामास वंशाची मर्यादा. साहजिकच गावे मूर्तीची म्हणण्यात लाभ होता. परंतु गावे मूर्तीची ठरली की देव घराण्याचा पुरुष त्यांचा धनी न राहता केवळ व्यवस्थापक उरतो, आणि व्यवस्थापकास हिशेब विचारता येतो. चिंतामण बजाजी देव विरुद्ध धोंडो गणेश देव या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने १८८८ मध्ये संस्थानची मालमत्ता धार्मिक व धर्मादाय न्यासाची मानली, आणि अशा न्यासाच्या कारभारास दिवाणी कायद्याचे ५३९ वे कलम लागू होते असे ठरविले. वादी व प्रतिवादी दोघेही देवच होते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

संस्थानची मालमत्ता अशा रीतीने टिकली. घराण्याची सत्ता मात्र न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५२ च्या कायद्याने व्यक्तिगत इनामे नष्ट केली, तेव्हा देवस्थान इनामे त्यातून वगळली गेली. आज मोरगाव, थेऊर व सिद्धटेक येथील देवालयांची व्यवस्था चिंचवड देवस्थान ट्रस्टकडे आहे, आणि भाद्रपदात व माघात मंगलमूर्तीची पालखी चिंचवडहून मोरगावास जाते.