सायकल आणि अर्ध्या तासाचें अंतर

मनुष्याचें घर आणि त्याचें काम यांच्यामध्यें किती अंतर असावें, हा प्रश्न इतिहासाच्या ग्रंथांत क्वचितच विचारला जातो. राजे कोठें राहिले आणि लढाया कोठें झाल्या, याची नोंद आपणांस मिळते. परंतु कारकून सकाळीं किती वाजतां घरांतून निघे, कामगार कोणत्या वाटेनें कारखान्याला जाई, आणि सायंकाळीं घरीं पोहोंचल्यावर त्याच्या अंगांत मुलांशीं चार शब्द बोलण्याइतकें तरी त्राण उरे कीं नाहीं, याविषयीं बखरी आणि दप्तरें मौन धरून बसतात. वास्तविक पाहतां शहराची घडण या रोजच्या येरझारांनींच होत असते. पुणें शहराची अशी घडण निदान दोन पिढ्या ज्या वाहनानें केली, त्या सायकलीचा विचार आज आपण करूं.

प्रथम थोडेंसें गणित. माणूस पायीं ताशीं तीन मैल चालतो. कामावर जाण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ देण्याची त्याची तयारी नसेल, तर त्याचें घर कामाच्या ठिकाणापासून दीड मैलाच्या आंत असलें पाहिजे. सायकलीवर तोच माणूस फारसा न दमतां ताशीं नऊ मैल जातो. म्हणजे अर्ध्या तासाचें अंतर साडेचार मैलांचें होतें. आतां त्रिज्या तिप्पट झाली कीं वर्तुळाचें क्षेत्रफळ नऊपट होतें, हें शाळेंत आपण सर्वच शिकलों आहोंत. ज्याला पूर्वीं एका लहानशा वर्तुळांत नोकरी शोधावी लागे, त्याला आतां तसल्या नऊ वर्तुळांइतकी भूमि मोकळी झाली. आणि ती देखील मैलामागें पायीं चालण्याच्या सुमारें एक-पंचमांश शक्ति खर्चून, चाऱ्यावांचून, कोळशावांचून आणि तिकिटावांचून. बेताच्या मिळकतीच्या माणसाला एवढी मोठी जहागीर दुसऱ्या कोणत्या यंत्रानें दिल्याचें मला ठाऊक नाहीं.

हें यंत्र आपल्याकडे आलें तें पूर्णावस्थेला पोहोंचूनच आलें. जर्मनींत कार्ल फॉन ड्राइस यानें 1817 मध्यें दोन चाकांची जी लांकडी गाडी काढली, ती जमिनीवर पाय मारीत पुढें ढकलावी लागे. योगायोग असा कीं, त्याच 1817 च्या नोव्हेंबरांत आपल्याकडे खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट जवळ आला. ड्राइसच्या गाडीची नातवंडें एके दिवशीं याच खडकीच्या वाटेवर हजारोंनीं धांवणार आहेत, हें त्या वेळीं कोणाला सांगितलें असतें तर तो हंसला असता! पुढें 1860 ते 1870 या दशकांत पॅरिसमध्यें पुढच्या चाकाला पायडलें बसलीं. मग माणसाच्या छातीइतक्या उंच चाकाच्या सायकली निघाल्या; त्यांवर बसणें हा सर्कशींत शोभणारा खेळ होता, कामावर जाण्याचा मार्ग नव्हे. खरी क्रांति 1885 मध्यें झाली. इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली यानें जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन चाकांची आणि मागील चाकाला साखळीनें गति देणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारांत आणली. त्यानंतर तीनच वर्षांनीं, 1888 मध्यें, बेलफास्टच्या जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं हवेची रबरी धांव तयार केली. साखळी आणि हवा यांचा असा संयोग झाल्यावर सायकलींत मूलभूत फरक करण्यासारखें फार थोडें उरलें.

आतां पुण्याकडे वळूं. मुंबईची गोष्ट निराळी होती. तेथें 1853 पासून आगगाडी होती, 1874 पासून ट्राम होती, आणि गिरणीकामगार तर बहुधा भोंगा ऐकूं येईल इतक्या जवळच्या चाळींतच राहत असे. पुण्यांत ट्राम कधींच धांवली नाहीं. शहराची स्वतःची बससेवा, पी. एम. टी., निघाली ती 1950 मध्यें, महानगरपालिकेबरोबरच. टांगे पुष्कळ होते, पण रोज टांग्यानें कचेरींत जाणें हें कारकुनाच्या पगाराला झेपणारें नव्हतें. तेव्हां माणसें चालत. अण्णासाहेब कर्वे यांनीं 1900 सालीं हिंगण्याच्या माळावर आश्रमाची झोंपडी उभी केली, आणि फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविण्यासाठीं ते तेथून पायीं ये-जा करीत. पावसाळ्यांत ती वाट चिखलाची असे. अण्णासाहेबांच्या तपश्चर्येंत ही कथा आपण आदरानें सांगतों, तें योग्यच आहे. परंतु कर्व्यांइतकें ध्येय ज्यांच्यापाशीं नव्हतें आणि पाय मात्र तितकेच दुखत होते, अशा शेंकडों सामान्य माणसांचा विचारही त्याबरोबर मनांत यावयास हवा.

पुण्याची अडचण अशी कीं, तेथें राहण्याची जागा एकीकडे आणि कामाची दुसरीकडे, ही फाळणी पेशवाई बुडाल्यापासूनच झालेली होती. मध्यमवर्ग पेठांतल्या वाड्यांत राहत होता. इंग्रजांनीं मात्र आपलें लष्कर, आपल्या कचेऱ्या आणि आपले कारखाने गांवापासून अलग ठेवले. दारूगोळ्याचा कारखाना 1869 पासून खडकीला. मिलिटरी अकौंट्सची कचेरी लष्करांत. आणि हवामानखात्याचें मुख्य कार्यालय 1928 मध्यें सिमल्याहून हललें तें शिवाजीनगरला, म्हणून त्याचें नांव कायमचें ‘सिमला ऑफिस’ पडलें. शनिवारवाड्यापासून यांपैकीं बहुतेक ठिकाणें दोन ते चार मैलांवर. म्हणजे पायीं जाणाऱ्याला अंमळ दूरच. पण आपल्या गणितांतल्या साडेचार मैलांच्या वर्तुळांत बरोबर बसणारीं! त्यांत शहर बहुतांशीं सपाट, हवा सौम्य, आणि नदीवर 1923 मध्यें झालेला नवा पूल. सायकलीला पुणें मानवलें यांत नवल नाहीं. पुण्याचा माणूस काटकसरी म्हणून सायकल वापरतो, असा विनोद मुंबईकर करीत आले आहेत. विनोद म्हणून तो ठीक आहे, पण कारण म्हणून अपुरा आहे.

स्वातंत्र्यापूर्वीं या सायकली बहुतेक विलायतेहून येत. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची हर्क्युलिस, आणि त्याच गांवची बी. एस. ए., जिच्यावरील तीन बंदुकांची खूण ती कंपनी मूळची बंदुका घडविणाऱ्यांची होती याची साक्ष देई. स्वस्त जपानी सायकलीही मधल्या काळांत आल्या. पुढें मद्रासेस 1949 मध्यें, सोनपतला 1951 मध्यें आणि लुधियान्याला 1956 मध्यें सायकलींचे मोठे देशी उद्योग उभे राहिले आणि विलायती गाडीचा थाट हळूहळू आठवणींत जमा झाला.

गाडी घरांत आली म्हणजे ती घरांतलें एक माणूसच होई. वाड्याच्या बोळांत तिची जागा ठरलेली असे. दसऱ्याला तिला धुवून, पुसून, झेंडूची माळ घालीत. पुढच्या दांडीवर टॉवेलाची घडी बांधली कीं धाकट्या मुलाचें आसन सिद्ध होई, मागच्या कॅरिअरवर डबा किंवा दप्तर. धोतराचा सोगा साखळींत अडकूं नये म्हणून घोट्यापाशीं पोलादी चाप लावीत; तो काढावयाचा विसरून दिवसभर कचेरींत वावरणारे गृहस्थ प्रत्येक कचेरींत एक-दोन तरी सांपडत. संध्याकाळनंतर दिवा हवा, तो आधीं रॉकेलचा आणि मग डायनामोचा. दिवा नसला किंवा मागें दुसरा माणूस बसविला, तर कोपऱ्यावर पोलीस उभा आहेच.

आणि प्रत्येक कोपऱ्यावर पोलिसाप्रमाणेंच आणखी एक माणूस असे: पंक्चर काढणारा. त्याचें भांडवल म्हणजे एक पंप, पाण्याचें घमेलें, दोन पाने आणि जुन्या ट्यूबांचे तुकडे. ट्यूब बाहेर काढून पाण्यांत बुडवावयाची, बुडबुडे जेथून येतील तेथें खूण करावयाची, कानशीनें रबर खरवडून सोल्यूशन लावावयाचें, तें जरा सुकूं द्यावयाचें आणि मगच ठिगळ दाबून बसवावयाचें. घाई केली तर ठिगळ निघतें. या पांच मिनिटांत गिऱ्हाईक शेजारीं उभें राहून हें सर्व पाहत असे, आणि पाहतां पाहतां स्वतःही शिकत असे. मोटारीचें यंत्र झांकणाखालीं दडलेलें असतें. सायकलीचें उघड्यावर असतें. छर्रे झिजले, तार तुटली, साखळी सैल झाली, हें मालकाला आवाजावरून कळे. लेखणीशिवाय दुसरें हत्यार न धरणाऱ्या वर्गाच्या हातीं पाना आणि वंगणाची कुपी सायकलीनें दिली, हा तिचा एक उपकार मला लहान वाटत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत 1942 सालीं मलाया जपानच्या हातीं गेला आणि रबर दुर्मिळ झालें, तेव्हां तर ठिगळावर ठिगळ लावून टायर चालविण्याची ही विद्या घरोघर कामास आली.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नऊपट भूमीची ही जहागीर सर्वांना सारखी मिळाली नाहीं. प्राध्यापक, कारकून आणि कामगार एकाच प्रकारच्या वाहनावर, एकाच रस्त्यानें चालले आहेत, हें दृश्य सुखद होतें खरें. पण घरकाम करणारी बाई आणि डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकणारी बाई पायींच चालत राहिली. मध्यमवर्गांतील स्त्रियांनाही सायकल उशिरां मिळाली. दांडी नसलेली, मागच्या चाकावर जाळी बसविलेली ‘लेडीज’ सायकल घेऊन ज्या मुली प्रथम कॉलेजांत निघाल्या, त्यांना पाहण्यासाठीं ओट्यावरचीं माणसें माना वळवीत. पण एकदां मुली निघाल्या त्या निघाल्याच. शिक्षिका, परिचारिका, टेलिफोनवरच्या बाई यांना कोणी सोबत येण्याची वाट न पाहतां कामावर जातां येऊं लागलें. नऊवारीपेक्षां पांचवारी सोयीची, या निर्णयांत सायकलीचाही थोडा वांटा असावा असा माझा तर्क आहे.

स्वातंत्र्यानंतर शहराचें वर्तुळ वाढूं लागलें. पिंपरीला 1954 मध्यें पेनिसिलिनचा कारखाना आला, आणि मग मुंबईच्या रस्त्यानें एकामागून एक कारखाने उभे राहिले. दापोडीच्या पुलावरून पाळी सुटण्याच्या वेळीं सायकलींचा प्रवाह वाहूं लागला. पण पिंपरी पेठांपासून नऊ मैल. अर्ध्या तासाचा आतां एक तास झाला. त्यांत 12 जुलै 1961 रोजीं पानशेतचें धरण फुटलें, नदीकांठच्या पेठा वाहून गेल्या, आणि गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वस्त्यांत नवीं घरें झालीं. जुनें गांव सायकलीच्या मापाचें होतें. नवें शहर त्या मापांत बसेना.

या वेळीं स्कूटर आली. पुण्यांत स्कूटर चालविणारी पहिली स्त्री म्हणून इरावतीबाई कर्वे यांचें नांव सांगितलें जातें. हिंगण्याहून पायीं येणाऱ्या अण्णासाहेबांच्या त्या सूनबाई. एका घरांतील दोन पिढ्यांत पाय ते पेट्रोल एवढा प्रवास झाला! पुढें बजाजची ‘चेतक’ आणि कायनेटिकची ‘लूना’ या दोन्ही 1972 सालच्या. लूनेला तर पायडलेंही होतीं, जणूं सायकलीचा निरोप घेतांना तिला संकोच वाटत होता. आकुर्डीच्या कारखान्यांत सायकलीवरून जाऊन ज्या कामगारांनीं स्कूटरी जोडल्या, त्यांनीं आपल्याच वाहनाला रस्त्यावरून हुसकण्याचें साधन घडविलें. त्यांत त्यांना दोष देतां येत नाहीं. नऊ मैल जाऊन, आठ तास उभें राहून, पुन्हां नऊ मैल परत येणाऱ्या माणसाला इंजिन हवेंसें वाटलें, तर तो त्याचा हक्कच होता. परंतु रस्ता त्याबरोबर कोणाच्या स्वाधीन झाला, याचा विचार नगररचना करणाऱ्यांनीं करावयास हवा होता, तो त्यांनीं वेळेवर केला नाहीं.

नंतर प्रयत्न झाले. 2006 मध्यें बसच्या राखीव मार्गाबरोबर सायकलींसाठीं पट्टे आंखले गेले. त्यांवर पुढें दुकानें मांडलीं गेलीं, गाड्या उभ्या राहिल्या. 2017 मध्यें महापालिकेनें सायकलींचा एक विस्तृत आराखडा संमत केला, आणि त्याच सुमारास मोबाईलवरून भाड्यानें मिळणाऱ्या रंगीबेरंगी सायकली रस्त्यांवर दिसूं लागल्या. दोन-तीन वर्षांत त्या दिसेनाशाही झाल्या. 2018 मध्यें शहरांतील वाहनांची संख्या माणसांच्या संख्येहून अधिक झाल्याचें प्रसिद्ध झालें.

यावरून सायकल इतिहासजमा झाली, असा समज सुशिक्षित घरांत असतो. 2011 ची खानेसुमारी तसें म्हणत नाहीं. त्या वर्षीं देशांतील शेंकडा सुमारें 45 कुटुंबांत सायकल होती, आणि स्कूटर अथवा मोटारसायकल शेंकडा 21 कुटुंबांत. शेतीबाहेरच्या कामावर जाणाऱ्यांपैकीं शेंकडा सुमारें 13 माणसें सायकलीवरून जात होतीं, म्हणजे मोटारसायकलीवरून जाणाऱ्यांहून किंचित् अधिकच. सायकल गेली नाहीं. ती चालविणारा आपल्या ओळखीचा राहिला नाहीं. कारकून आणि प्राध्यापक तिच्यावरून उतरले. रात्रपाळीचा पहारेकरी, इमारतीवरचा गवंडी, पहांटे वर्तमानपत्रें टाकणारा मुलगा आणि हॉटेलांतील भांडीं घांसून मध्यरात्रीं खोलीवर परतणारा परगांवचा मजूर हे अजून तिच्यावर बसतात. पूर्वीं हा माणूस प्रवाहाच्या मधोमध असे आणि मोटारीला त्याच्यासाठीं थांबावें लागे. आतां तो भरधांव गाड्यांच्या डाव्या कडेनें, गटाराच्या झांकणांवरून, एकटा जातो, आणि पुष्कळदां त्याच्या सायकलीला मागचा दिवाही नसतो.