दारूगोळ्याची लकाकी

जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटवर बोटभर रबिंग कंपाउंड लावून पांढऱ्या बनियनच्या फडक्याने चार हात मारले, की फडकं गाडीच्या रंगाचं होतं. नवखा माणूस इथेच हात आखडतो. गाडीचं कातडंच सोलून निघालं की काय, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात निघालेला असतो तो वरचा मेलेला थर, उन्हापावसाने पांढुरका पडून भुकटी झालेला. आजच्या बहुतेक गाड्यांवर असं होत नाही, कारण त्यांच्या रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो आणि फडक्यावर येतो तो नुसता मळ. फडकं रंगलं तर काम जुन्या पद्धतीचं समजावं. त्यात गाडी कधीकाळी गल्लीतल्या गॅरेजात लांबी भरून, घासून पुन्हा रंगवलेली असेल, तर तो रंग बऱ्याचदा एन.सी. असतो. एन.सी. म्हणजे नायट्रोसेल्युलोज. पेंटर त्याला सरसकट ‘ड्युको’ म्हणतात, कपाटाला मारलेला असो की गाडीला.

आता हे नायट्रोसेल्युलोज म्हणजे काय? कापूस घ्यायचा, नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात बुडवायचा, धुऊन वाळवायचा. दिसायला कापूसच राहतो, पण काडी लावली की धूर न करता भस्सकन नाहीसा होतो. नायट्रोजनचं प्रमाण चढतं ठेवलं तर हाच बंदुकीचा कापूस, तोफांच्या बिनधुराच्या दारूचा पाया. थोडं उतरतं ठेवलं तर तो द्रावकात विरघळतो आणि त्याचा रंग होतो. रविवारी सकाळी लोक बादली-फडकं घेऊन जे घासत बसतात, ते या दारूगोळ्याचं सौम्य भावंड आहे.

या कापसाची जन्मकथा रसायनशास्त्राच्या पुस्तकांत आवडीने सांगितली जाते. १८४५-४६च्या सुमारास बाझलचा प्राध्यापक ख्रिस्तियान शोनबाइन स्वयंपाकघरात प्रयोग करत होता, आम्ल सांडलं, त्याने बायकोच्या सुती एप्रनने ते पुसलं, एप्रन शेगडीवर वाळत टाकला आणि तो भडकून गायब झाला. गोष्ट गोड आहे, म्हणूनच जरा संशय येतो. शोनबाइन त्या काळात या दोन आम्लांच्या मिश्रणात एकेक पदार्थ घालून पाहतच होता. एप्रन जळाला असेलही, पण शोध एप्रनने लावला नाही.

यानंतरचे टप्पे ओळखीचे आहेत. कलोडियन, सेल्युलॉइड, फोटोची फिल्म, सिनेमाची फिल्म. गाडीच्या रंगाची वाट मात्र पहिल्या महायुद्धातून जाते. अमेरिकेतली ड्युपाँ ही कंपनी १८०२ पासून बंदुकीची दारू बनवत आली होती. दोस्त राष्ट्रांच्या तोफांत जळलेल्या दारूपैकी सुमारे ४० टक्के दारू एकट्या ड्युपाँने पुरवली, असं मानलं जातं. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबलं आणि आम्लात कापूस बुडवणारे अवाढव्य कारखाने बिनकामाचे झाले.

तिकडे मोटारधंद्याचं घोडं रंगापाशी अडलं होतं. मोटारी रंगवल्या जात त्या घोडागाडीच्या रीतीने. जवसाचं तेल आणि राळ यांचं व्हार्निश ब्रशने लावायचं, वाळू द्यायचं, प्युमिस दगडाची पूड आणि पाणी घेऊन घासायचं, पुन्हा लावायचं. एका गाडीला यात आठवडेच्या आठवडे जात. या व्हार्निशचे नखरेही फार. चिखल वाळू दिला की डाग उठे. तबेल्यातल्या शेण-मुताच्या अमोनियाने चमक मरे, म्हणून गाडीखाना घोड्यांपासून लांब ठेवत. धुताना भरपूर गार पाणी, मऊ स्पंज आणि शेवटी टिपायला शॅमॉय चामडं. घरच्या धुलाईचे बरेच नियम आजही याच गाडीवानांचे आहेत.

१९२०च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या पार्लिन इथे ड्युपाँच्या कारखान्यात नायट्रोसेल्युलोजचं एक पिंप काही दिवस उकाड्यात तसंच पडून राहिलं. त्यात सोडियम ॲसिटेट घातलेलं होतं. उघडून पाहिलं तर घट्ट लगद्याच्या जागी पातळ पाक. याचं महत्त्व असं, की एरवी नायट्रोसेल्युलोजचं द्रावण फवारण्याजोगं पातळ करायचं तर द्रावक इतका ओतावा लागे, की वाळल्यावर मागे जेमतेम पापुद्रा उरे. या पाकात मात्र भरपूर रंगद्रव्य मावत होतं, तो बंदुकीने फवारता येत होता आणि काही तासांत वाळत होता. त्यातून घडलेला ड्युको १९२३ मध्ये बाजारात आला. जनरल मोटर्सने तो आधी ओकलंड गाड्यांना दिला, ‘ट्रू ब्लू’ नावाच्या निळ्या रंगात. ड्युपाँ तेव्हा जनरल मोटर्सची बडी भागधारक होती आणि १९२० ते २३ या काळात ड्युपाँ घराण्यातला पिएर द्यु पाँ तिथे अध्यक्षही होता. पहिलं गिऱ्हाईक घरातच होतं.

इथे एक प्रतिस्पर्धी मत उभं राहतं, आणि ते दमदार आहे. पार्लिनचं ते पिंप तोफेच्या दारूचं नव्हतं. ते सिनेमाच्या फिल्मसाठीचं होतं, आणि सोडियम ॲसिटेट घातलं होतं ते फिल्मवर स्थिर विजेच्या ठिणग्या उडू नयेत म्हणून. मग गाडीच्या रंगाचं मूळ रणांगणात न शोधता पडद्यावर शोधावं का? दादासाहेब फाळक्यांच्या काळातला सगळा सिनेमा याच ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मवर होता. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात साठवलेल्या नायट्रेट फिल्मला आग लागली आणि जुन्या सिनेमाचा मोठा ठेवा काही वेळात राख झाला. तरी पारडं दारूच्या बाजूनेच झुकतं. सिनेमाने फक्त नेमका अपघात पुरवला. आम्लाच्या टाक्या, कापसाचे गठ्ठे, स्फोटाची सवय असलेले रसायनतज्ज्ञ आणि नवा धंदा शोधायची निकड, हे सारं युद्धाचं देणं होतं.

दुसरी एक दंतकथा जनरल मोटर्सचा संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग याची. रंग महिन्याऐवजी तासात वाळला पाहिजे म्हटल्यावर रंगवाले हसले. तेव्हा त्याने त्यांच्यातल्या एकाला जेवायला नेलं आणि परत आल्यावर विचारलं, ‘तुमची गाडी कोणती?’ तो गृहस्थ गाडी शोधतच राहिला, कारण जेवण होईपर्यंत ती ड्युकोने दुसऱ्याच रंगात रंगवून झाली होती. ही कथा केटरिंग स्वतःच रंगवून सांगत असे, तेव्हा मीठ-मसाला धरूनच चालावं.

घासण्याच्या दृष्टीने ड्युकोचा खरा गुण त्याच्या एका अवगुणात आहे. व्हार्निश आपोआप पसरून आरशासारखं बसे, शेवटच्या हातावर कुणी खरखरीत काही लावत नसे. ड्युको बंदुकीतून निघे तो मंद, निस्तेज. चमक हवी असेल तर तो कारखान्यातच कंपाउंडने घासून काढावा लागे. काही वर्षांच्या उन्हात वरचा थर पुन्हा खडूसारखा होई, आणि पुन्हा तोच उपाय. गाडी झिजवून चकाकवायची ही कल्पना कारखान्यातून थेट मालकाच्या हातात आली ती इथे. यावर कुणी म्हणेल, की शिकागोची सिमोनाइझ १९१० पासूनच मोटारींचं पॉलिश विकत होती, म्हणजे ड्युकोच्या बारा-तेरा वर्षं आधी. खरं आहे. मेणाचा हात ड्युकोहून जुना आहे. पण मेण चढवणं वेगळं आणि रंगाचा थर कापून काढणं वेगळं, आणि घरोघरी दुसऱ्याची सवय लागली ती या कापसाच्या रंगामुळे.

कथेचा सगळ्यात गमतीचा धागा पॉलिशच्या बाटलीत आहे. जुन्या धाटणीची धातूची आणि गाडीची अनेक पॉलिशं कीझेलगूर नावाच्या मातीने घासतात. ही डायटम या सूक्ष्म शैवालाच्या सांगाड्यांची माती, जवळपास शुद्ध सिलिका, आतून पोकळ. आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं, ते याच मातीच्या जोरावर. ती आपल्या वजनाच्या तिप्पट नायट्रोग्लिसरीन शोषते आणि ते लहरी तेल हाताळण्याजोगं करते. म्हणजे रंग तोफेच्या दारूचा आणि पॉलिश सुरुंगाच्या मातीचं! इतका जुळून आलेला योग पाहिला की कुणाही हौशी संशोधकाची झोप उडावी.

पण पुरावा तपासला की बाण उलटा फिरतो. १८३६ मध्ये, डायनामाइटच्या ३१ वर्षं आधी, क्रिस्तियान गोटफ्रीड एहरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली बोहेमियातल्या बिलिन गावचा एक ‘पॉलिशचा दगड’ पाहिला. कारागीर तो धातू घासायला वापरत. तो अख्खा दगड डायटमच्या कवचांचा निघाला, आणि एका घनइंचात सुमारे ४१ अब्ज कवचं असतील, असा हिशेब एहरेनबर्गने मांडला. तेव्हा माती आधी पॉलिशवाल्यांची, सुरुंगवाल्यांनी ती मागाहून उचलली. शिवाय अमेरिकेत डायनामाइटमध्ये पुढे कीझेलगूरऐवजी लाकडाचा भुसा आणि सोडियम नायट्रेट हेच जास्त चाललं, म्हणजे ड्युपाँमार्गे नातं जोडायची वाटही बंद. नातं आहे, फक्त थोरला-धाकटा यांची अदलाबदल करावी लागते.

भारतात मात्र दारू आणि रंग एका छपराखाली आले ते अगदी कागदोपत्री. १९२०च्या दशकात ब्रिटनमध्ये ड्युको बनवायला ड्युपाँने हात मिळवला तो नोबेलच्या स्फोटकांच्या धंद्यातून वाढलेल्या नोबेल इंडस्ट्रीजशी. ती १९२६ मध्ये आयसीआय या रसायन कंपनीत विलीन झाली. पुढे आयसीआय इंडिया आणि मग ॲक्झो नोबेल इंडिया म्हणून ओळखली गेलेली, भिंतींचा ड्युलक्स विकणारी कंपनी १९५४ मध्ये नोंदली गेली, तेव्हा तिचं नाव होतं इंडियन एक्स्प्लोझिव्ह्ज लिमिटेड. मूळ काम स्फोटकांचं. ॲक्झो नोबेल या नावातला नोबेल आणखी वेगळा, स्वीडनचा. ती स्वीडिश नोबेल इंडस्ट्रीज १९८०च्या दशकात बोफोर्स तोफांच्या कारखान्याची मालक होती.

हे कूळ ठाऊक असलं की घरचं काम सोपं होतं. रंग एन.सी. आहे का, हे दाराच्या आतल्या कोपऱ्यात थिनरचा थेंब टाकून कळतं. एन.सी. वाळतो तो फक्त द्रावक उडून, म्हणून थिनर लागताच पुन्हा विरघळतो, तर भट्टीत भाजलेला इनॅमल तग धरतो. धुवायला दोन बादल्या हव्यात, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. सोसायटीत पहाटे एकाच बादलीत दहा गाड्या पुसल्या जातात, तेव्हा पहिल्या गाडीची वाळू दहाव्या गाडीवर गोल गोल फिरते. कंपाउंड सावलीत, बॉनेट थंड असताना, हातभर जागा धरून लावावं. त्यात कीझेलगूर असेल तर त्याची कवचं घासताना चुरत जातात, म्हणून सुरुवातीला खरखर जाणवते आणि हळूहळू हात गुळगुळीत चालू लागतो. तिथेच थांबावं. कडांवर आणि बॉनेटच्या घडीवर रंग पातळ असतो, तिथे हात हलका. नावाच्या अक्षरांत आणि काचेच्या रबरात जी पांढरी भुकटी अडकून बसते, ती जुन्या टूथब्रशने काढावी, नाहीतर महिनाभर ‘पद्मिनी’ला पावडर लावल्यासारखी दिसते.

त्यावर मेण. शोरूममध्ये याच्याऐवजी ‘टेफ्लॉन कोटिंग’ गळ्यात मारतात. टेफ्लॉन १९३८ मध्ये ड्युपाँच्याच प्रयोगशाळेत सापडलं आणि पहिल्यांदा मोठ्या कामाला आलं ते अणुबाँबच्या मॅनहॅटन प्रकल्पात, युरेनियमच्या जळजळीत वायूच्या सीलसाठी. म्हणजे घराणं तेच! पण टेफ्लॉन वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला, आणि भांड्यावर बसवायला भट्टी लागते. बॉनेटवर फडक्याने चोळून ते तसं कसं बसणार, हे विक्रेत्याला एकदा विचारून पाहायला हरकत नाही.