'इव्होल्युशन' वारंवार पासवर्ड का विचारते?

लिनक्सवर ई-मेलसाठी 'इव्होल्युशन' वापरणाऱ्यांपैकी अनेकांना एक अनुभव येतो. प्रोग्राम उघडताच 'लॉगइन कीरिंग उघडलेली नाही, पासवर्ड द्या' अशा आशयाची चौकट पडद्यावर झळकते. तेथे ई-मेलचा पासवर्ड टाकला की तो नाकारला जातो आणि खाते कोणी बळकावले की काय, अशी धास्ती वाटते. प्रत्यक्षात हे दोन पासवर्ड निराळे आहेत.

कीरिंग म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. 'ग्नोम' डेस्कटॉपमधील ही सुविधा निरनिराळ्या प्रोग्रामचे पासवर्ड सांकेतिक रूपात एका फायलीत साठवते. संगणकात प्रवेश करताना आपण जो पासवर्ड टाकतो, त्यानेच हा जुडगाही आपोआप उघडतो. हे दोन्ही पासवर्ड जुळेनासे झाले, की अडचण सुरू होते.

कारणे

प्रवेशाचा पासवर्ड प्रशासकाने किंवा 'रूट' खात्यातून बदलला, तर कीरिंगचा पासवर्ड जुनाच राहतो. संगणक पासवर्ड न विचारता थेट सुरू होत असेल किंवा बोटाच्या ठशाने उघडत असेल, तर कीरिंगला पासवर्ड मिळतच नाही. साहजिकच ती बंद राहते.

उपाय

प्रथम चौकटीत प्रवेशाचा जुना पासवर्ड टाकून पाहावा. कीरिंग उघडल्यास 'सीहॉर्स' हा प्रोग्राम सुरू करावा. अनेक ठिकाणी तो 'पासवर्ड्स अँड कीज' या नावाने दिसतो. तेथे 'लॉगइन' कीरिंगवर उजवी कळ दाबून पासवर्ड बदलण्याचा पर्याय निवडावा आणि सध्याचा प्रवेशाचा पासवर्ड द्यावा.

जुना पासवर्ड आठवतच नसेल, तर कीरिंग उघडण्याचा मार्ग उरत नाही. अशा वेळी होम फोल्डरमधील '.लोकल/शेअर/कीरिंग्स' या अदृश्य फोल्डरातील 'लॉगइन.कीरिंग' फाइलचे नाव बदलावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. पासवर्ड टाकून प्रवेश करताच नवी, रिकामी कीरिंग तयार होते. त्यानंतर 'इव्होल्युशन' ई-मेलचा पासवर्ड विचारील. तो देताना कीरिंगमध्ये साठवण्याच्या पर्यायावर खूण करावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'क्रोम' ब्राउझरने साठवलेले पासवर्ड उलगडण्याची किल्लीही बहुधा याच जुडग्यात असते. त्यामुळे जुनी फाइल पुसून टाकू नये. पुढेमागे पासवर्ड आठवला, तर तीच उपयोगी पडेल.

कटकट टाळण्यासाठी काही जण कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवतात. तसे केल्यास सर्व पासवर्ड साध्या, वाचता येण्याजोग्या मजकुराच्या रूपात डिस्कवर राहतात. लॅपटॉप चोरीस गेल्यास त्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात.

कीरिंग उघडूनही जीमेलचा पासवर्ड नाकारला जात असेल, तर दोष जुडग्याचा नसावा. वैयक्तिक खात्यांसाठी केवळ नाव व पासवर्डावर अन्य प्रोग्रामना प्रवेश देणे गूगलने 2022 च्या मे महिनाअखेरीस बंद केले. अशा वेळी 'इव्होल्युशन'च्या खाते-मांडणीत 'ओऑथ2' ही पद्धत निवडावी.