तर्काला विजेची कळ

‘रेघ तोडा आणि चिन्ह बदला.’ इलेक्ट्रॉनिक्स हा विषय घेऊन बी. एस्सी. करणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांना 2008 साली विदर्भातील एका जिल्ह्याच्या गावी हा मंत्र मिळाला. फळ्यावर अ आणि ब ही दोन अक्षरे, मध्ये अधिक चिन्ह आणि दोहोंच्या डोक्यावरून ओढलेली एक लांब आडवी रेघ. ही रेघ मधोमध तोडावयाची, अधिकाच्या जागी गुणिले लिहावयाचे, की झाला डी मॉर्गनचा सिद्धांत! हा डी मॉर्गन कोण, कोठला, त्याने हा नियम विजेच्या मंडलासाठी काढला की आणखी कशासाठी, हे विचारण्याचे आम्हांला सुचले नाही आणि सांगण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

प्रयोगशाळेत तर याहून मौज. 7400 या क्रमांकाच्या चौदा पायांच्या काळ्या चकतीत ‘नँड’ जातीची चार गेटे असतात. पहिल्या व दुसऱ्या पायाशी आत जाणारे संकेत द्यावयाचे आणि तिसऱ्यावर उत्तर पाहावयाचे. 7402 ही तिची सख्खी बहीण दिसते, पण आत ‘नॉर’ गेटे असून तिचे उत्तर पहिल्या पायावर येते. हा भेद मला कोणी सांगितला नव्हता व मीही पुस्तकात पाहिला नव्हता. उत्तराच्या पायालाच मी पाच व्होल्ट जोडले. दिवा लागला नाही. चकती मात्र इतकी तापली की बोटाला चटका बसला. मग शेजाऱ्याच्या वहीतला कोष्टक उतरवून काढला. त्यानेही तो आदल्या वर्षीच्या वहीतून उतरवला होता. ‘निष्कर्ष : सिद्धांताचा पडताळा आला’ असे खाली लिहून त्यावर सही मिळविली. तो पडताळा मला आला नव्हता, ही गोष्ट पुढे कित्येक वर्षे मनात सलत राहिली.

पडताळा आला तो दिल्लीत, सरकारी टेबलापाशी. एका परिपत्रकाचा मसुदा साफ करावयाचा होता. मूळ वाक्य असे : ‘ज्यांची परिवीक्षा पूर्ण झालेली नाही किंवा जे टंकलेखनाची परीक्षा उत्तीर्ण झालेले नाहीत, ते अपात्र समजावेत.’ वरिष्ठांची सूचना आली की, अपात्र कोण हे न सांगता पात्र कोण ते सांगा. मी लिहिले, ‘ज्यांची परिवीक्षा पूर्ण झालेली आहे आणि जे परीक्षा उत्तीर्ण झालेले आहेत, ते पात्र.’ लिहून झाल्यावर लेखणी थबकली. ‘नाही’ उलटले त्याबरोबर ‘किंवा’चे ‘आणि’ झाले होते. रेघ तुटली होती आणि चिन्ह बदलले होते! आपणांपैकी प्रत्येकाने असे मसुदे शेकड्यांनी केले असतील. ‘किंवा’ तसाच ठेवला असता तर नापास उमेदवारही पात्र ठरले असते, हे कोणाही अनुभवी सहायकाला पटकन दिसेल. डी मॉर्गनचा नियम तो हाच. तो भाषेतला नियम आहे. विजेचा त्याच्याशी जन्मतः काहीच संबंध नव्हता. मग तो विजेच्या मंडलात शिरला कसा, या कुतूहलापायी पुढची काही वर्षे मी जे वाचले त्याची ही हकीकत.

ऑगस्टस डी मॉर्गन याचा जन्म 27 जून 1806 रोजी मदुरेचा. बाप कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी. जन्मल्यावर लवकरच मुलाचा एक डोळा गेला आणि कुटुंब इंग्लंडला परतले. 1828 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, लंडनला नव्याने निघालेल्या विद्यापीठात तो गणिताचा प्राध्यापक झाला. एडिंबरोचे सर विल्यम हॅमिल्टन या तत्त्वज्ञाशी त्याचा तर्कशास्त्रातील एका मुद्द्याच्या श्रेयावरून कडाक्याचा वाद जुंपला. मुद्दा आज फारसा कोणाला आठवतही नाही. पण तो वाद दुरून पाहणाऱ्या एका शाळामास्तरला त्यातून स्फूर्ती झाली, एवढ्यासाठी त्या भांडणाचे उपकार मानले पाहिजेत.

हा शाळामास्तर म्हणजे जॉर्ज बूल. लिंकन गावच्या चांभाराचा मुलगा, जन्म 1815. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला, गणित स्वतःच शिकलेला. 1847 साली त्याने तर्कशास्त्राचे गणिती विश्लेषण करणारी एक लहानशी पुस्तिका काढली. त्याच सुमारास डी मॉर्गनचाही तर्कशास्त्रावरील ग्रंथ निघाला. दोन वर्षांनी बूलला आयर्लंडमधील कॉर्कच्या नव्या महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली आणि 1854 साली ‘विचाराच्या नियमां’वरील त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

बूलची मूळ कल्पना सांगण्याजोगी आहे, कारण ती आमच्या पाठ्यपुस्तकात कोठेच नव्हती. ‘पांढऱ्या वस्तू’ या समूहाला क्ष म्हणा. पांढऱ्या वस्तूंतून पुन्हा पांढऱ्या वस्तू निवडल्या तर काय हाती येते? त्याच पांढऱ्या वस्तू. निवडणे म्हणजे गुणणे असे मानले, तर क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. आता नेहमीच्या अंकगणितात असे कोणते अंक आहेत की, ज्यांना त्यांनीच गुणले असता ते तसेच राहतात? दोनच : शून्य आणि एक. शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे सर्व काही. ज्या शून्य-एकावर आज सारे संगणक चालतात, त्यांचा प्रवेश असा पांढऱ्या वस्तूंच्या वाटेने झाला. आम्हांला मात्र ‘शून्य म्हणजे शून्य व्होल्ट, एक म्हणजे पाच व्होल्ट’ एवढेच ठाऊक!

जाता जाता आणखी एक. ‘एक अधिक एक बरोबर एक’ या सूत्रापाशी प्रत्येक विद्यार्थी अडखळतो आणि बूलच्या नावाने बोटे मोडतो. पण हे सूत्र बूलचे नव्हेच. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या त्याच्या तरुण चाहत्याने ते पुढे केले. बूलने पत्रव्यवहारात त्याला ठाम नकार दिला होता. पुढे 1864 च्या डिसेंबरात, पावसात भिजून व्याख्यानाला गेल्याचे निमित्त होऊन बूल न्यूमोनियाने वारला. शिष्टसंमत झाले ते जेव्हन्सचेच सूत्र, पण ते आज बूलच्या नावावर मोडते.

डी मॉर्गनचा शोध घेताना मी अचानक दिल्लीतच येऊन पोचलो. कश्मीरी दरवाजाजवळ दाराशुकोहचे ग्रंथालय म्हणून ओळखली जाणारी इमारत आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात तेथे दिल्ली कॉलेज भरे, आणि तेथे मास्टर रामचंद्र विज्ञान व गणित शिकवीत. कलनशास्त्राचा आधार न घेता केवळ बीजगणिताने महत्तम व लघुत्तम मूल्ये काढण्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक 1850 साली कलकत्त्यास निघाले. तेथील टीकाकारांनी त्याचे स्वागत थंडपणेच केले. पण गव्हर्नर जनरलच्या मंडळातील ड्रिंकवॉटर बेथ्यून यांनी त्याची प्रत लंडनला डी मॉर्गनकडे धाडली. डी मॉर्गनने ती बाजूला टाकली नाही. कंपनीच्या संचालकांकडे चिकाटीने लिहून त्याने ते पुस्तक, स्वतःची विस्तृत प्रस्तावना जोडून, 1859 साली लंडनला पुन्हा छापविले. मधल्या काळात बेथ्यून वारले होते, दिल्लीत सत्तावनचा प्रलय होऊन गेला होता आणि कंपनीची राजवटही संपली होती. कागद मात्र पुढे सरकत राहिला. आम्हां कारकुनांना या गोष्टीचे मोल इतरांपेक्षा जास्त कळावे.

कारण याच्या उलट जे घडले तेही एका कागदाचेच आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स याने 1886 च्या डिसेंबरअखेर आपला विद्यार्थी ॲलन मार्क्वाँड याला एक पत्र लिहिले. तर्काचे यंत्र करावयाचे तर ते विजेवर चालवावे, असे त्यात सुचवून कळांच्या जोडणीची आकृतीही काढून दाखविली होती. दोन कळा एकसर जोडल्या तर दोन्ही दाबल्याशिवाय दिवा लागत नाही, हा ‘आणि’. समांतर जोडल्या तर एक दाबली तरी पुरते, हा ‘किंवा’. इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमातला पहिला धडा त्या पत्रात तयार होता! पण मार्क्वाँड तर्कशास्त्र सोडून प्रिन्स्टनला कलेचा इतिहास शिकवू लागला आणि पत्र कागदपत्रांत पडून राहिले. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रकरण दप्तरी दाखल झाले. 1910 साली पॉल एरेनफेस्ट या भौतिकशास्त्रज्ञाने एका पुस्तकाच्या रशियन परीक्षणात, टेलिफोन केंद्राच्या जोडणीला हे तर्कगणित लावून पाहावे, अशी सूचना केली. तीही कोणी उचलली नाही.

दरम्यान टेलिफोनची केंद्रे वाढत चालली होती. त्यांत मनुष्याच्या बोटाऐवजी विद्युच्चुंबकाने उघडमीट होणारी कळ, म्हणजे रिले, हजारोंनी बसू लागली. ही मंडले जुळविणारे कारागीर अनुभवाने व अंदाजाने काम करीत. एखादे मंडल बरोबर चालते हे सांगता येई. पण हेच काम कमी रिलेंत होईल की नाही, हे सांगण्याचे शास्त्र नव्हते. एकीकडे शास्त्र होते, त्याला काम नव्हते. दुसरीकडे काम होते, त्याला शास्त्र नव्हते. आणि ही स्थिती बूलच्या पुस्तिकेपासून मोजली तर नव्वद वर्षे टिकली.

मग ही गाठ पडली ती जवळजवळ एकाच वेळी तीन देशांत. जपानमध्ये निप्पॉन इलेक्ट्रिक कंपनीतील अकिरा नाकाशिमा याने 1930 नंतरच्या दशकात रिलेंच्या मंडलांचे स्वतंत्र बीजगणित उभे केले. ते बूलचेच आहे हे त्याला मागाहून उमगले. मॉस्कोत व्हिक्टर शेस्ताकोव्ह त्याच निष्कर्षाला आला, पण त्याचा निबंध छापून निघाला 1941 साली. जगाने जो वाचला तो क्लॉड शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्याचा.

शॅनन मिशिगन राज्यातील गेलॉर्ड या लहान गावचा. कुंपणाच्या काटेरी तारेतून मित्राच्या घरापर्यंत तारायंत्र चालविणारा हा पोरगा 1936 साली मिशिगन विद्यापीठातून दोन पदव्या घेऊन बाहेर पडला : एक विद्युत् अभियांत्रिकीची, दुसरी गणिताची. सूचनाफलकावरची एक जाहिरात पाहून त्याने मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञानसंस्थेत साहाय्यकाच्या जागेसाठी अर्ज केला. तेथे व्हॅनेव्हर बुश यांचे दांतेरी चाकांचे अजस्र गणकयंत्र होते आणि त्याला ताब्यात ठेवणारे शंभरावर रिलेंचे जंजाळ होते. ते सांभाळता सांभाळता, हे तर आपण विद्यापीठात शिकलेले तर्कगणित आहे, असे त्याच्या ध्यानी आले. या दोन्ही विषयांची ओळख असलेला दुसरा कोणी तेव्हा नव्हता इतकेच, अशा अर्थाचे तो पुढे नम्रपणे म्हणे. ते अगदी खरे नव्हते, पण पुष्कळसे खरे होते. ऑगस्ट 1937 ही तारीख घातलेला त्याचा निबंध एम. एस्सी.च्या पदवीसाठी होता. वय एकवीस.

हा निबंध मी धीर धरून वाचला. पहिल्याच पानांत गोंधळलो, कारण त्यात सारे उलटे आहे! शॅननने शून्य मानले आहे ते जोडलेल्या मंडलाला आणि एक मानला आहे तो तुटलेल्या मंडलाला. अधिक चिन्ह म्हणजे एकसर जोडणी आणि गुणिले म्हणजे समांतर. तो प्रवाह मोजत नव्हता, अडथळा मोजत होता. आज शिकवितात ते याच्या नेमके विरुद्ध, आणि तरीही एकही सूत्र बिघडत नाही. का बिघडत नाही, तर डी मॉर्गनच्या नियमामुळे! ‘आणि’ व ‘किंवा’ यांची अदलाबदल केली, आणि ‘आहे’ व ‘नाही’ यांचीही केली, तर गणित जसेच्या तसे राहते. हा उलगडा झाला त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करण्यास संकोच वाटतो. निबंधाच्या शेवटी उदाहरणे आहेत : विजेवर उघडणारे एक कुलूप, आणि द्विमान पद्धतीने बेरीज करणारे एक मंडल. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बेल प्रयोगशाळेतील जॉर्ज स्टिबिट्झ याने स्वयंपाकघरातील टेबलावर रिले, बॅटरीचे दिवे आणि तंबाखूच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या घेऊन असेच एक बेरजेचे मंडल प्रत्यक्ष उभे केले.

पुढचा इतिहास वेगाने धावतो : निर्वात नळ्या, ट्रान्झिस्टर आणि 1960 नंतरच्या दशकात ती माझी चौदा पायांची चकती. 1953 साली मॉरिस कार्नो याने सूत्रे आटोपशीर करण्यासाठी चौकोनांचा जो नकाशा दिला, तो प्रत्येक विद्यार्थी गिरवितो. त्याच्याशी फार जवळचे नाते सांगणारी आकृती 1881 सालीच प्रसिद्ध झाली होती. आणि ती काढणारा होता हाच ॲलन मार्क्वाँड, पर्सचे पत्र ज्याच्याकडे पडून राहिले तो!

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी कश्मीरी दरवाजापाशी ती इमारत पाहून परतताना मी लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटात शिरलो आणि 7402 ची एक चकती, दोन कळा व एक तांबडा दिवा घेऊन आलो. जोडणीचे पुस्तक या वेळी अगोदर उघडले. पत्नीने विचारले, हे कशासाठी? म्हटले, एक जुना प्रयोग राहिला आहे. उत्तराचा पाय पहिला, आत जाणारे संकेत दुसऱ्या व तिसऱ्यावर. एक कळ दाबली, दिवा विझलेला. दुसरी दाबली, विझलेला. दोन्ही दाबल्या, तरी तसाच. दोन्ही सोडल्या, आणि दिवा लागला. मी तो कोष्टक चार ओळींत वहीत लिहून घेतला आणि खाली तारीख घातली.