नाव, नांगर आणि मागची फळी

होडी या अर्थाची नाव संस्कृत ‘नौ’ची, तर माणसाचं नाव ‘नाम’चं. दुसऱ्याच्या डोक्यावर अनुस्वार होता तोवर दोघं निदान कागदावर तरी वेगळे ओळखू येत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि ती खूणही गेली.

नांगराचं प्रकरण याहून गमतीचं आहे. शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गल’पासून आला, बोटीचा फारसी ‘लंगर’पासून. दोघांनीही मराठीत येताना ल सोडला आणि न धरला. कोकणात नांगर टाकतात, धाराशिवात धरतात. परंड्याच्या बाजूला सीना-कोळेगाव आणि लोहाऱ्याच्या बाजूला माकणीचं धरण होऊनही जिल्ह्याचा कान कोरडवाहूच राहिला. पाण्यावरचे शब्द इथे बहुधा रानातून नाहीतर गुऱ्हाळातून येतात. पुरात नदी ओलांडायला गुळाची काहील कामी येते. मराठवाड्यात मासेमारीच्या थर्माकोलच्या तराफ्याला चप्पू म्हणतात, आणि हिंदीत चप्पू म्हणजे नुसतं वल्हं. वल्ह्यानं अख्खी होडी बळकावली!

ॲल्युमिनियमच्या मोटरबोटीत मात्र एक भाग असा असतो की त्याला या मुलखात ना रानातला शब्द आहे ना गुऱ्हाळातला. बोटीच्या पाठीमागे जी उभी भिंत असते, तिच्यात पत्र्याआड एक जाड फळी असते. इंजिन तिलाच आवळलेलं असतं; त्याचं वजन, धक्के, रेटा सगळं तिच्यावर. बोल्टच्या भोकांतून पाणी आत झिरपतं आणि पत्र्यामुळे फळीला वाळायला जागा मिळत नाही. बाहेरून बोट लख्ख दिसते. आतल्या फळीत पटाशीचं टोक लोण्यात घुसावं तसं घुसतं. हातोडीनं ठोकून पाहिलं तर टणक आवाजाऐवजी भद्द आवाज येतो.

गंमत म्हणजे तीच फळी कायम पाण्याखाली असती तर इतकी कुजली नसती. कुजायला ओल लागते तशी हवाही लागते. उंबराचं लाकूड एरवी फारसं टिकाऊ नाही, तरी पाण्याखाली टिकतं म्हणून जुन्या विहिरींच्या चौकटींना वापरत. संस्कृतात ‘उदुम्बर’ म्हणजे झाड आणि दाराचा उंबराही. विहिरीची चौकट आणि घराची चौकट अशा शब्दातही शेजारी आल्या.

इंग्रजीत बोटीच्या या मागच्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात आणि दारा-खिडकीतल्या आडव्या पट्टीलाही ट्रान्समच म्हणतात. आपल्याकडे वाड्याच्या दारावर गणेशपट्टी बसवणारा सुतार म्हणूनच ही फळी बदलण्याच्या कामाला परका नाही. रिबीट काढायचे, पत्रा सोडवायचा, कुजकी फळी शक्यतो अखंड बाहेर घ्यायची, कारण नव्या मरीन प्लायचं माप तिच्यावरूनच आखायचं असतं. त्याची करवत संस्कृत ‘करपत्रा’ची, रंधा फारसी. तो स्वतः ‘सूत्रधारा’चा वंशज, आणि बोल्टवर आवळतो तो नट. म्हणजे पडदा उघडायचीच काय ती खोटी. यातला नट इंग्रजी आहे, एवढं सोडा. नव्या प्लायला इपॉक्सी सगळ्या कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आतूनही लावावं लागतं. द्राक्षवाल्यांच्या घरात मोरचूद असतंच, पण तांब्याच्या क्षारात मुरवलेलं लाकूड इथे नको. ओल लागली की तांबं ॲल्युमिनियम खातं.

आता या फळीला मराठीत काय म्हणावं? कोशकार ‘पश्चपट्ट’ वगैरे काहीतरी घडवतील, आणि सुतार ते एकदाही उच्चारणार नाही. बैलगाडीला चालतं ते बोटीलाही चालावं: मागची फळी. दुकानात प्लाय मागताना तेवढं पुरतं. जाडी मात्र सांगावी लागते.