मळवलीच्या शिळेपासून सिनेमाच्या फितीपर्यंत

मुंबईहून पुण्याकडे जाताना लोणावळ्यानंतरचे स्थानक मळवली. कार्ले-भाजे लेण्यांच्या सहलीसाठी मुलांना घेऊन आपण इथेच उतरतो. याच गावात राजा रविवर्मा यांचा छापखाना होता. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना शतकाच्या अखेरीस मळवलीला आला. घरोघरच्या भिंतींवरील लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे इथल्या शिळांवर छापली जात. पुढे १९७२ मध्ये तो आगीत जळाला.

या छापखान्यासाठी फोटो-लिथोची कामे करून देणारा एक छपाई व्यावसायिक जवळच लोणावळ्याला होता. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकलेल्या फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. छपाईचा कॅमेरा आणि सिनेमाचा कॅमेरा यांत भिंगाकडून दोन अगदी वेगळ्या अपेक्षा असतात. त्या समजल्या की प्रकाशाच्या धड्यातील एक अवघड मुद्दा सोपा होतो.

छपाईसाठी चित्राची नक्कल घेताना समोरची वस्तू सपाट असते. तिचा प्रत्येक बिंदू जवळजवळ एकाच प्रतलात असतो. भिंगाने कडेपर्यंत रेखीव प्रतिमा दिली की काम झाले. चित्र हलत नाही, म्हणून प्रकाश कितीही वेळ देता येतो. सिनेमात मात्र पात्रे पुढे-मागे हिंडतात. जवळचा राजा आणि मागचा दरबार दोन्ही स्पष्ट हवेत. जेवढ्या अंतरातील वस्तू स्पष्ट दिसतात, त्या पट्ट्याला 'डेप्थ ऑफ फील्ड' म्हणतात. आपण त्याला स्पष्टतेची खोली म्हणू.

ही खोली कशावर ठरते? एक उदाहरण घेऊ. ३५ मि.मी. फितीवरील मूकपटाची चौकट सुमारे २५ मि.मी. रुंद असते. त्या काळच्या हाफ-प्लेट कॅमेऱ्याची काच १६५ मि.मी. रुंद, म्हणजे ६.६ पट. फितीवर ५० मि.मी. नाभीय अंतराचे भिंग जेवढे दृश्य टिपते, तेवढेच दृश्य काचेवर टिपायला ३३० मि.मी. चे भिंग लागते. दोन्ही भिंगे एफ/४ वर ठेवली, तर पहिल्याच्या छिद्राचा व्यास १२.५ मि.मी. आणि दुसऱ्याचा ८२.५ मि.मी. होतो. जागा तीच, दृश्य तेच आणि अखेरचे चित्रही तेवढेच मोठे असेल, तर खोली या व्यासावर ठरते. मोठ्या छिद्रातून येणारे किरणशंकू रुंद असतात, त्यामुळे प्रतलाबाहेरचा बिंदू मोठ्या ठिपक्यासारखा पसरतो.

काचेवर तेवढीच खोली हवी असेल, तर छिद्र १२.५ मि.मी. पर्यंत लहान करावे लागेल, म्हणजे सुमारे एफ/२६. मग प्रकाश ६.६ च्या वर्गाइतका, सुमारे ४४ पट वेळ द्यावा लागेल. सेकंदाला १६ चौकटी फिरवताना एका चौकटीला जेमतेम १/३२ सेकंद मिळतो. त्याच्या ४४ पट म्हणजे जवळजवळ दीड सेकंद. फोटोसाठी बसलेला माणूस तेवढा वेळ श्वास रोखून बसेल, पण चालणारा हरिश्चंद्र कसा थांबेल? लहान चौकटीमुळेच ही अडचण सुटली.

लहान चौकटीलाही मर्यादा आहेच. फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचे रोप वाढताना टिपले. इतक्या जवळच्या वस्तूसाठी अंतर निम्मे केले की खोली साधारण चौथाई होते. मात्र थांबून एकेक चौकट घेताना छिद्र लहान करून वेळ वाढवायची मुभा असते. रोपाला घाई नसते!

वर्गात करून पाहा. एक डोळा मिटून बोट डोळ्यापासून १० सें.मी. वर धरा. फळा पाहिला की बोट अस्पष्ट होते. आता पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून पाहा. बोट आणि फळा दोन्ही स्पष्ट होतील, पण अंधुक दिसतील. 'अंधुक का?' हे मुलांनाच सांगू द्या.