दातांची तार आणि बळाची मर्यादा

कल्याणहून बदलापूरकडे जाणाऱ्या गाडीत सायंकाळी बसले असता शाळा-कॉलेजांतील मुलांच्या हास्यात दातांवरची तार चमकताना दिसते. आमच्या विद्यार्थिदशेत हे दृश्य विरळ होते. परवा उल्हासनगर मागे पडत असता शेजारचे एक गृहस्थ आपल्या कन्येस म्हणाले, "पुढच्या खेपेस डॉक्टरांना तार जरा जास्त आवळायला सांगू, म्हणजे लवकर सुटका होईल." बापाच्या मायेतून आलेला हा समज मोठा जुना आहे, व तो चुकीचा आहे हे कळण्यास दंतवैद्यकासही पुष्कळ काळ लागला. म्हणून तो इतिहास वाचकांपुढे थोडक्यात ठेवावा असे आम्हांस वाटते.

१७२८ मध्ये फ्रान्समधील पिएर फोशार यांनी आपल्या ग्रंथात नालेच्या आकाराची एक धातूची पट्टी वर्णिली. वाकडा दात दोऱ्याने तिच्याशी बांधावयाचा व ओढून ओळीत आणावयाचा, एवढीच ती युक्ती. दात ओढला असता हलतो, हे तेव्हा कळले. का हलतो, हे कळले नाही.

अंबरनाथच्या शिवालयातील पाषाणास शके ९८२ च्या काळातील कारागिरांनी छिन्नीच्या घावांनी रूप दिले. जबड्याचे हाड मात्र पाषाण नव्हे. दात व हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो. दात ज्या बाजूस दाबला जातो तेथील हाड शरीरातील पेशी हळूहळू झिजवितात, आणि मागे जी जागा पडते तेथे नवे हाड घालतात. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेड यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून १९०४ मध्ये हे दाखविले. बळ अति झाले तर त्या पडद्यातील रक्तप्रवाहच खुंटतो. दात लवकर सरकण्याऐवजी अडून बसतो आणि त्याच्या मुळासही अपाय होण्याचा संभव असतो. तात्पर्य, दात सरकविते ते शरीर. तार केवळ दिशा दाखविते.

ही दिशा नेमकी कशी दाखवावी, हा पुढचा प्रश्न अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यांनी सोडविला. गोल तार दाताचे डोके कलवू शकते. पण मुळास वळविण्याची सत्ता तिला नसते. गोल दांडा भोकात नुसता फिरतो, चौकोनी दांडा मात्र चौकोनी भोकास आपल्याबरोबर फिरवितो, तोच हा न्याय. अँगल यांनी प्रत्येक दातावर चौकोनी खाच असलेले ब्रॅकेट बसवून तीत आयताकृती तार घातली. खाचेचे माप एका इंचाचे हजार भाग केल्यास २२ गुणिले २८ भाग एवढे. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेली ही रचना आजही मूलतः तीच आहे.

परंतु एकही दात काढू नये, असा अँगल यांचा हट्ट होता. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना आपल्या रुग्णांत असे आढळले, की जागा अपुरी असता सरळ केलेले दात पुन्हा बिघडतात. त्यांनी गुरूचे यंत्र ठेविले, पण गुरूचा आग्रह सोडला. विद्येची प्रगती बहुधा अशीच होते.

१९७२ मध्ये लॉरेन्स अँड्र्यूज यांनी उपचाराविना सुरेख असलेल्या १२० जणांच्या दातांचे साचे अभ्यासून आपले निष्कर्ष मांडले. पूर्वी तारेस द्यावे लागणारे बाक त्यांनी ब्रॅकेटच्या घडणीतच घातले. त्याच सुमारास निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रणाची तार दंतवैद्यांच्या हाती आली. अंबरनाथकरांना ऑर्डनन्स हा शब्द तेथील कारखान्यामुळे परिचयाचा आहे. हा धातूही अमेरिकन आरमाराच्या ऑर्डनन्स प्रयोगशाळेतच जन्मला. वाकविली तरी ही तार आपल्या मूळ आकाराकडे परतू पाहते, आणि ते सौम्य बळाने. शस्त्रांच्या घरून आलेला धातू असा मुलांच्या मुखात मृदू होऊन बसला!

त्या गृहस्थांस आम्ही यातले थोडेसे सांगितले. ते हसून म्हणाले, "म्हणजे घाई करून उपयोग नाही तर!" नाहीच, आणि तार काढल्यानंतरही नाही. ताणलेले तंतू दातास जुन्या जागी ओढू पाहतात, म्हणून त्यानंतर रिटेनर वापरावा लागतो. कन्येने बापाकडे पाहिले ते विजयाच्या मुद्रेने. इतक्यात बदलापूर आले.